प्रोसेसरचा एअर कूलर: निवड, बसवणी आणि सांगलीचा उन्हाळा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, विटा, जत या भागात डेस्कटॉप जोडणाऱ्यांसाठी किंवा जुन्याचा कूलर बदलणाऱ्यांसाठी आहे. कूलरबद्दल इंटरनेटवर भरपूर मजकूर सापडतो, पण त्यातल्या बहुतेक चाचण्या २० ते २५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या किंवा पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ३८ अंश ही नेहमीची गोष्ट आहे. खालची सगळी उत्तरं तीच खोली धरून दिली आहेत.

रिव्ह्यूमध्ये दाखवलेलं तापमान माझ्या खोलीत कसं धरायचं?

एअर कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. उष्णता उचलून हवेत सोडणं एवढंच त्याचं काम. म्हणून आकडा बघताना प्रोसेसरच्या तापमानातून त्या खोलीचं तापमान वजा करा आणि उरलेल्यात आपल्या खोलीचं मिळवा. समजा, २३ अंशांच्या खोलीत एखादा प्रोसेसर पूर्ण लोडवर ७८ अंशांवर थांबला. फरक ५५ चा. आपल्या ३८ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर ९३ च्या आसपास जाणार. कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा काही अंश गरमच असते, ते अजून वेगळं. चाचणी मोकळ्या बेंचवर, म्हणजे कॅबिनेटशिवाय झाली असेल तर तेही धरायला हवं.

म्हणून सांगलीत कूलर डिसेंबरच्या हवेवर निवडू नका. थंडीत सगळेच कूलर चांगले वाटतात. मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता काय होईल, तो हिशेब आधी करा.

प्रोसेसरच्या बॉक्समध्ये आलेला कूलर चालत नाही का?

चालतो, पण कोणत्या प्रोसेसरवर हे बघावं लागतं. रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय३ वर टॅली, ब्राउझर, ऑनलाइन क्लास एवढंच काम असेल तर बॉक्समधला कूलर उन्हाळ्यातही पुरतो, फक्त फॅनचा आवाज वाढतो. व्हिडिओ एडिटिंग, ऑटोकॅड, रेंडरिंग किंवा तासन्‌तास गेमिंग असेल तर बदला. इंटेलच्या ‘के’ अक्षराच्या प्रोसेसरसोबत आणि रायझन ५ ७६००एक्स, रायझन ७ ७७००एक्स यांच्यासोबत कूलर येतच नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. साध्या रायझन ५ ७६०० सोबत मात्र येतो.

टीडीपी ६५ वॉट लिहिलंय. मग ६५ वॉटचा कूलर घेतला तर पुरे ना?

नाही. सर्वांत जास्त चुकीची खरेदी याच समजुतीने होते.

टीडीपी म्हणजे प्रोसेसर किती उष्णता सोडतो याचा कंपनीने दिलेला वॉटमधला आकडा. इंटेलचा ६५ वॉट हा मूळ वेगाचा आकडा. टर्बोमध्ये, म्हणजे लोड आल्यावर वेग वाढतो तेव्हा, आय५-१२४०० ला ११७ वॉटपर्यंत मुभा आहे, आय५-१३४०० ला १४८, आय७-१२७०० ला १८० आणि आय७-१३७०० ला २१९ वॉटपर्यंत. चारही प्रोसेसरच्या माहितीत मूळ आकडा ६५ च दिसतो. एएमडीमध्ये सॉकेटपर्यंत (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) पोहोचणाऱ्या विजेची मर्यादा वेगळी असते आणि एएम५ सॉकेटच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये ती टीडीपीच्या सुमारे १.३५ पट येते. ६५ वॉटच्या रायझन ५ ७६०० ला ८८ वॉट, १०५ वॉटच्या ७७००एक्सला १४२ वॉट, १७० वॉटच्या ७९५०एक्सला २३० वॉट.

त्यात बरेच मदरबोर्ड इंटेलची मर्यादा स्वतःहून सैल ठेवतात. एमएसआयच्या बऱ्याच बोर्डांत बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) कूलरचा प्रकार विचारला जातो: बॉक्स कूलर, टॉवर एअर कूलर की वॉटर कूलर. तिथे उत्साहात वॉटर कूलर निवडलं की बोर्ड विजेची मर्यादा जवळजवळ काढून टाकतो. मग लहान कूलर कितीही नीट बसवला तरी प्रोसेसर शंभरीला टेकतो. जो कूलर आहे तोच निवडा.

मग किती वॉटला कोणत्या आकाराचा कूलर?

आपल्या हवेचा विचार करून आमचा हिशेब असा. टॉवर म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांचा (फिन्स) उभा गठ्ठा, आणि हीट पाइप म्हणजे तळातली उष्णता त्या पत्र्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या. प्रत्यक्ष लोड ९० वॉटच्या आत असेल तर ९२ मिमी फॅनचा छोटा टॉवर पुरतो. ९० ते १३० वॉटला चार हीट पाइप आणि १२० मिमी फॅन असलेला एकेरी टॉवर घ्या, उदाहरणार्थ डीपकूल एके४००. १३० च्या पुढे १८०-२०० वॉटपर्यंत दुहेरी टॉवर लागतो: थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा नॉक्टुआ एनएच-डी१५ यासारखा. त्यापुढे कूलर मोठा करत बसण्यापेक्षा बायोसमध्ये विजेची मर्यादा कमी करणं शहाणपणाचं. शेवटच्या पाच-सात टक्के वेगासाठी हे प्रोसेसर भरमसाट वीज खातात. मर्यादा थोडी खाली आणली की वेग किंचितच घटतो आणि तापमान चांगलंच उतरतं. एएमडीत हेच काम इको मोड करतो.

बॉक्सवर ‘२२० वॉट’ किंवा ‘२६० वॉट’ लिहिलेलं असतं. तो आकडा प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने काढते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करू नका. हीट पाइपची संख्या, पत्र्यांचा आकार, फॅनचा व्यास आणि आपल्याच प्रोसेसरवर कुणीतरी केलेली चाचणी या गोष्टी जास्त खऱ्या.

कॅबिनेटमध्ये मावेल का, हे आधी कसं कळणार?

कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते. एके४०० आणि पीअरलेस असॅसिन १२० एसई दोन्ही १५५ मिमी उंच आहेत, एनएच-डी१५ १६५ मिमी. नॉक्टुआचा छोटा एनएच-यू९एस १२५ मिमी आहे.

माहिती सापडत नसेल तर बाजूचं पॅनेल काढा. मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून कॅबिनेटच्या कडेपर्यंत पट्टीने मोजा. त्यातून प्रोसेसरची उंची म्हणून ७ ते ८ मिमी आणि काचेच्या पॅनेलसाठी आणखी २-३ मिमी वजा करा. उरली ती जागा. ढोबळ अंदाज हवा असेल तर कॅबिनेटच्या बाहेरच्या रुंदीतून ४५ ते ६० मिमी कमी करा. ऑफिसात वापरतात ती १८० मिमी रुंदीची पातळ कॅबिनेटं १५५ मिमीचा टॉवर कधीच घेणार नाहीत. पॅनेल अर्धवट लावून, फट ठेवून चालवायचा विचार असेल तर तो सोडा. धूळ आत येते आणि हवेचा मार्गही बिघडतो.

उंच हीट स्प्रेडरवाली रॅम आहे. अडेल का?

एकेरी टॉवरला सहसा नाही. दुहेरी टॉवरचा पुढचा फॅन मात्र रॅमवर येतो. साधी रॅम साधारण ३१-३२ मिमी उंच असते, आरजीबीवाली ४४ मिमी किंवा त्याहून उंच. पुढचा फॅन क्लिपवर थोडा वर सरकवता येतो, पण तो जितका वर जाईल तितकी कूलरची एकूण उंची वाढते. मग १५५ चा कूलर १६५ चा होतो आणि पॅनेल बसत नाही. ऑर्डर करण्याआधी दोन्ही आकडे एकत्र बघा.

माझ्या जुन्या कूलरला नवीन सॉकेट चालेल का?

इंटेलच्या एलजीए ११५०, ११५१, ११५५, ११५६ आणि १२०० या सॉकेटच्या भोकांमधलं अंतर एकच, ७५ मिमी. एलजीए १७०० चं ७८ मिमी, आणि प्रोसेसरची उंचीही थोडी कमी. म्हणून जुन्या ब्रॅकेटची भोकं घासून तो १७०० वर बसवू नका. स्क्रू जातील, पण दाब पुरेसा पडणार नाही. एलजीए १८५१ ला १७०० चंच किट चालतं. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ या सॉकेटची भोकं सारखी आहेत. फरक मागच्या पट्टीत. एएम४ ची बॅकप्लेट सुटी होते, एएम५ ची सॉकेटलाच धरलेली असते. स्वतःची बॅकप्लेट आणणारे काही जुने कूलर त्यामुळे एएम५ वर बसत नाहीत. कंपनीकडे नवीन किट वेगळं मिळतं का, ते विचारा.

थर्मल पेस्ट कोणती आणि किती?

कूलरसोबत आलेली पेस्ट पहिल्या वेळेला चांगलीच असते. वेगळी घ्यायची तर आर्क्टिक एमएक्स-४, एमएक्स-६ किंवा नॉक्टुआ एनटी-एच१ घ्या, ४ ग्रॅमची नळी बरेच दिवस पुरते. छोट्या पुडीत मिळणारी पांढरी सिलिकॉन पेस्ट जुन्या आय३ वर चालून जाते, नव्या प्रोसेसरवर नको. लिक्विड मेटल तर अजिबातच नको, त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला खाऊन टाकतं.

एएम४ वर मध्यभागी वाटाण्याएवढा एक थेंब. एलजीए १७०० चा प्रोसेसर लांबट आहे, म्हणून तिथे मधोमध एक उभी रेघ किंवा बारीक फुली. पेस्ट बोटाने पसरवू नका, आत हवेचे बुडबुडे अडकतात. थोडी जास्त झाली तर मोठं नुकसान नाही, कमी पडली तर कोपरा कोरडा राहतो आणि तोच गरम होतो.

जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे ते असतं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातही मिळतं. हाताला लावायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो.

टॉवर कूलर बसवताना क्रम काय ठेवायचा?

बोर्ड अजून कॅबिनेटबाहेर असेल तर तिथेच टेबलावर, त्याच्याच बॉक्सवर ठेवून कूलर बसवा. त्याआधी प्रोसेसर, रॅम आणि कूलरखाली झाकला जाणारा एम.२ एसएसडी लावून घ्या. बोर्ड आत बसवल्यावर डाव्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनची वीजवायर मोठ्या टॉवरच्या मागे हात घालून जोडणं महाकठीण, म्हणून ती टॉवर चढवण्याआधी जोडता येईल असं बघा.

मग बॅकप्लेट. एएम४ वर पुढचे चार स्क्रू काढल्यावर मागची पट्टी खाली पडते, तिला मागून एक हात लावून ठेवा. इंटेलच्या किटमध्ये दोन-तीन प्रकारचे स्टँडऑफ (पट्ट्यांना आधार देणारे छोटे खांब) येतात, दिसायला जवळजवळ सारखे. चुकीचे लावले तर कूलर हलतो किंवा दाबच पडत नाही. पत्रकातल्या चित्राशी त्यांची उंची ताडून बघा. त्यावर आडव्या पट्ट्या बसवा. इथे एक निर्णय घ्यावा लागतो: पट्ट्या अशा दिशेने लावा की टॉवरमधून जाणारी हवा पुढून मागच्या फॅनकडे जाईल.

आता कूलरचा तळ बघा. त्यावर पारदर्शक फिल्म असते आणि कधी कधी त्यावर सूचनाही छापलेली असते. ती काढा. फिल्म काढायची राहिली तर पीसी सुरू होतो, चालतोही, आणि लोड आला की काही सेकंदांत तापमान शंभरीला जातं. कूलर नवा असूनही तापतोय अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासावं.

पेस्ट लावा, कूलर सरळ वरून खाली ठेवा, ठेवल्यावर उचलून परत ठेवू नका. दोन्ही स्प्रिंग स्क्रू आधी फक्त पकडतील एवढे फिरवा. मग एका बाजूला दोन-तीन फेरे, दुसऱ्या बाजूला दोन-तीन फेरे, असं आलटूनपालटून. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर कूलर एका अंगाला कलतो, पेस्ट एका बाजूला जाते आणि दुसऱ्या स्क्रूचे आटे लागत नाहीत. स्क्रू आपोआप थांबला की थांबा. तिथून पुढे जोर लावला तर आटे जातात.

शेवटी फॅन. ज्या बाजूला चार दांड्या आणि मधलं स्टिकर दिसतं, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ती बाजू पत्र्यांकडे हवी. वायर बोर्डवरच्या ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या चार पिनच्या जागी लावा आणि फॅनच्या पात्यात येणार नाही अशी बांधा.

जुन्या इंटेलचे पांढरे-काळे पुश-पिन नीट बसत नाहीत.

पिनच्या डोक्यावरचा बाण काढण्याची दिशा दाखवतो. बसवताना चारही डोकी बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवून, काळी पिन वर ओढून ठेवा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना एकाच वेळी दाबा, खट्‌ आवाज येईपर्यंत. नंतर उरलेल्या दोन. बोर्ड उलटा करून बघा: पांढरे पाय फाकलेले आणि मधून काळी पिन आलेली दिसली पाहिजे. एक पायही तुटला असेल तर तो कूलर टाकून द्या आणि बॅकप्लेटवाला घ्या. तीन पिनांवर चालवलेला कूलर तिरका बसतो.

कूलर काढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला!

एएम४ वर हे होतं, कारण तिथे प्रोसेसरला वरून धरणारी चौकट नाही आणि वाळलेली पेस्ट घट्ट पकडते. काढण्याआधी पीसी पाच-दहा मिनिटं लोडवर चालवा, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळा. पकड सुटली की उचला. आधीच उपटून आला असेल तर पिना आडव्या प्रकाशात बघा. वाकलेली पिन पातळ सुरीच्या पात्याने किंवा शिसं भरायच्या पेन्सिलच्या रिकाम्या धातूच्या टोकाने हळूहळू सरळ करता येते. एकदम जोर लावला तर तुटते.

सुरू केल्यावर ‘सीपीयू फॅन एरर’ येतो.

बहुतेक वेळा फॅन ‘सिस्टिम फॅन’च्या जागी लागलेला असतो. ‘सीपीयू फॅन’ला लावा.

बसवल्यावर बरोबर बसला की नाही, कसं ओळखायचं?

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो६४ चालू ठेवा आणि प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवा. तापमान पहिल्या दोन-चार सेकंदांतच ९५-१०० ला उडालं तर बसवणीत चूक आहे: फिल्म, पेस्ट किंवा दाब. हळूहळू पाच-सात मिनिटांत चढलं तर बसवणी ठीक, पण कूलर किंवा कॅबिनेटमधली हवा कमी पडतेय. हा फरक ओळखता आला तर निम्मा शोध संपतो. अपवाद फार वीज खाणाऱ्या प्रोसेसरचा. १२व्या ते १४व्या पिढीच्या इंटेलची मर्यादा १०० अंश आहे. रायझन ७०००एक्स मालिकेतले बरेच प्रोसेसर मर्यादा येईपर्यंत वेग वाढवतच नेतात, म्हणून त्यांचं ९५ अंश दिसणं हा दोष नाही. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० आणि ७८००एक्स३डीची ८९.

मग कॅबिनेटचं बाजूचं पॅनेल काढून पुन्हा तीच चाचणी करा. तापमान पाच अंशांहून जास्त उतरलं तर पैसे कूलरवर घालवू नका, पुढे दोन आणि मागे एक फॅन लावा.

मर्यादा ओलांडली तरी प्रोसेसर लगेच जळत नाही. आधी वेग कमी करतो, मग पीसी बंद होतो.

फॅनचा आवाज सतत वर-खाली होतो.

नव्या प्रोसेसरचं तापमान एका क्लिकवर १५ अंशांनी उसळतं आणि फॅन त्याच्यामागे धावतो. बायोसमध्ये फॅनच्या सेटिंगला जाऊन वेग वाढण्याचा विलंब काही सेकंदांचा करा. ६० अंशांपर्यंत ३५-४० टक्के, ७५ ला ६५ टक्के, ८५ ला पूर्ण वेग असा वक्र आपल्या उन्हाळ्याला बरा पडतो. यापेक्षा कमी तापमानालाच वेग वाढवणारा वक्र ठेवलात तर मेमध्ये रिकाम्या पीसीचाही फॅन ओरडत राहील, कारण तेव्हा नुसतं बसूनही प्रोसेसर ५० च्या पुढे असतो.

धूळ किती दिवसांनी काढायची?

शहरात फ्लॅटमध्ये तीन-चार महिन्यांनी. मार्केट यार्डाजवळ, हळदीच्या गिरणीच्या किंवा गोदामाच्या आसपास असाल तर महिन्याला बघा. हळदीची भुकटी अतिशय बारीक असते आणि जाळीच्या फिल्टरमधूनही जाते. ऊसपट्ट्यातल्या गावांत पाचट पेटवलं की काळी काजळी घरभर उडते. खिडकीजवळचं कॅबिनेट ती ओढून घेतं आणि पत्र्यांच्या तोंडाशी काळा थर धरतो.

बाहेरून फॅन स्वच्छ दिसला तरी फसू नका. क्लिप सोडून फॅन बाजूला करा आणि टॉर्च लावून पत्र्यांचा समोरचा भाग बघा. करडी जाड चकती तिथे चिकटलेली सापडते, फॅनच्या मधल्या गोलाच्या सावलीत थोडी पातळ आणि कडेला जाड. ती आधी मऊ ब्रशने सोडवा, मग ब्लोअर मागच्या बाजूने मारा. पुढून मारलात तर धूळ पत्र्यांमध्ये आत ढकलली जाते. फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या हवेने तो नेमलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. हे काम ओसरीत किंवा गच्चीवर करा.

पेस्ट दर सफाईला बदलायची गरज नाही. तीन-चार वर्षांनी किंवा कूलर काढावा लागला तर बदला.

उन्हाळ्यात पाण्याचा कूलर कॅबिनेटसमोर ठेवला तर?

खोलीत चालवा, कॅबिनेटवर थेट झोत नको. खोलीची हवा गार झाली की प्रोसेसरही तेवढाच उतरतो, हा फायदा खराच आहे. पण झोताबरोबर पाण्याचे बारीक कण येतात. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर फॅन आणि बोर्डवर पांढरी पूड धरते, आणि ओली धूळ पत्र्यांना घट्ट चिकटते. पाच-सहा फूट अंतर ठेवा, तोंड दुसरीकडे करा आणि एक खिडकी उघडी ठेवा.

पुराचं पाणी लागलेला कूलर पुन्हा वापरता येतो का?

२०१९ आणि २०२१ नंतर सांगलीत हा प्रश्न अनेकदा आला. धातूचा भाग वापरता येतो. हीट पाइप दोन्ही टोकांनी सीलबंद असतात, बाहेरचं पाणी त्यांत जात नाही. फॅन उतरवा, टॉवर स्वच्छ पाण्यात बुडवून ब्रशने गाळ काढा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि सावलीत दोन दिवस वाळवा. तळावर खड्डे किंवा हिरवट गंज दिसला, किंवा एखादा पाइप दबलेला असेल, तर टाकून द्या. फॅन मात्र नवाच घ्या. बेअरिंगमध्ये गेलेला गाळ निघत नाही.

एवढ्या उकाड्यात प्रोसेसरसाठी लिक्विड (वॉटर) कूलरच घेऊ का?

त्याचं पाणीही खोलीच्या हवेनेच थंड होतं, त्यामुळे ३८ अंशांचा हिशेब तिथेही सुटत नाही. २०० वॉटच्या पुढे ३६० मिमीचा रेडिएटर निश्चित फायदा देतो. त्याखाली चांगला दुहेरी टॉवर घ्या. टॉवरमध्ये बिघडणारी गोष्ट एकच, फॅन, आणि तो सांगलीतच कुठल्याही दुकानात घेऊन दहा मिनिटांत बदलता येतो. पंप गेला तर वॉरंटीचं पार्सल परत येईपर्यंत पीसी बंद.

पुण्यात जोडून घेतलेला पीसी सांगलीला आणायचाय. कूलर काढावा का?

दुहेरी टॉवर असेल तर काढा. दोन फॅनसह एनएच-डी१५ चं वजन १.३ किलोच्या वर जातं आणि रस्त्यातल्या प्रत्येक धक्क्याला ते सगळं बोर्डवर लोंबतं. एकेरी टॉवर असेल तर स्वतःच्या गाडीत कॅबिनेट आडवं झोपवून आणा, काचेची बाजू वर. म्हणजे बोर्ड खाली सपाट राहतो आणि कूलर त्यावर उभा. एसटीच्या डिकीत किंवा पार्सलने पाठवत असाल तर एकेरीही काढूनच पाठवा, आणि सोबत थोडी पेस्ट ठेवा, घरी आल्यावर बसवताना ती लागतेच.